दोरा किती सरकला

फोर्कच्या उजव्या नळीवर बांधलेला पांढरा दोरा त्या दिवशी सव्वातीन इंच वर सरकलेला होता. मी पट्टी दोनदा लावून पाहिली. एकदा नुसतं वाकून, आणि एकदा उकिडवं बसून डोळा दोऱ्याच्या पातळीत आणून, कारण तिरक्या नजरेनं वाचलेल्या मापात चूक राहते. सव्वातीनच. वहीत तारीख लिहिली, २ मे १९७४, आणि पुढे आकडा लिहिला. अडचण एवढीच होती की त्या दिवशी गाडी जागेवरून हललीच नव्हती.

मोटारसायकलचं पुढचं चाक ज्या दोन नळ्यांमध्ये धरलेलं असतं, त्याला फोर्क म्हणतात. प्रत्येक नळीत एक स्प्रिंग आणि थोडं तेल असतं. खड्डा आला की खालची जाड नळी वरच्या चकचकीत नळीवर चढते, स्प्रिंग दबते, आणि मग सगळं परत जागेवर येतं. वरच्या नळीला, अगदी खालच्या नळीच्या तोंडाशी टेकवून, घट्ट दोरा बांधला की तो खड्ड्याबरोबर वर ढकलला जातो आणि तिथेच राहतो. सकाळी तो खाली सरकवून ठेवावा आणि संध्याकाळी पट्टी लावावी, म्हणजे दिवसभरात फोर्क जास्तीत जास्त किती दबला ते कळतं. आमच्या फोर्कची हद्द साडेतीन इंच होती. त्यापुढे लोखंड लोखंडावर आपटतं. ही दोऱ्याची युक्ती माझी स्वतःची होती आणि मला तिचा थोडा अभिमान होता. तो पुढे टिकला नाही, म्हणून सुरुवातीलाच नोंदवून ठेवते.

गाडी आमच्या ह्यांची. जालिंदर शाळेत इतिहास शिकवतात. लष्करानं वापरून टाकलेल्या वाहनांच्या लिलावातून त्यांनी ती आणली. लिलावाच्या कागदावर ‘मोटारसायकल, एक नग, निरुपयोगी’ असं लिहिलं होतं. त्यातला पहिला शब्द वाचूनच जालिंदर थांबले असावेत. ही गाडी म्हणे डांबरी रस्त्यासाठी नव्हेच. वाळू, चिखल, दगडगोटे, जिथे वाट नसेल तिथे तिनं जायचं. गाडीबरोबर जाड काचांचा एक गॉगल फुकट मिळाला होता. तो डोळ्यांवर चढवला की आमचे हे मोहिमेवर निघाल्यासारखे दिसत, आणि शाळेतली मुलं मागून ‘सरनौबत’ म्हणत. जालिंदरना ते ऐकू येई. त्यांनी त्यासाठी कधी कोणाला छडी मारली नाही.

मी रसायनशास्त्राची पदवीधर. सोलापुरात पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी करत होते, म्हणजे सहा वर्षं तिथलं टपाल बघत होते. दुष्काळात घाईघाईनं खोदलेल्या विहिरींचं पाणी पिण्याजोगं आहे की नाही हे मेअखेर ठरवायचं होतं, आणि मंद्रूपच्या आसपासच्या चाळीस विहिरींचं काम, माणसं कमी पडल्यामुळे, माझ्याकडे आलं. प्रत्येक विहिरीची एक बाटली. जीप एकच होती आणि ती येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांच्या दिमतीला होती.

“कशा जाणार बाई तुम्ही?” साहेब म्हणाले. “जमत नसेल तर सांगा. दुसऱ्या कोणाला देतो. तुमचं टपाल आहेच.”

घरी मी हे सांगितलं तेव्हा जालिंदर म्हणाले, “मला उन्हाळ्याची सुटी आहे. मी नेतो.” मंद्रूपला माझ्या सासरच्या ओसरीवर चुलत सासऱ्यांनी नाक मुरडलं, तर तिथे उभं राहून ते म्हणाले, “काका, माझी बायको सरकारी कामावर निघालीय, जत्रेला नाही.” हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे मी जो मूर्खपणा केला त्याचं मूळ या वाक्यात आहे.

मी मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसायचे आणि मांडीवर बारा खणांची लाकडी पेटी धरायचे. खणांत अंबय्यांनी दिलेला सुताचा चोथा भरला होता. अंबय्या म्हणजे खालच्या मजल्यावरचे घरमालक. त्यांचे चार यंत्रमाग आमच्या झोपण्याच्या खोलीच्या बरोबर खाली चालत. एवढा बंदोबस्त करूनही पहिल्या तीन फेऱ्यांत नऊ बाटल्या फुटल्या. एकूण मिळाल्या होत्या साठ.

सरकारी बाटली फुटणं ही साधी गोष्ट नसते. त्यासाठी ‘फुटतूट तक्ता’ भरावा लागतो, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि काचा जमा कराव्या लागतात. शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं. मी ‘खड्डा’ लिहिलं.

“हे कसं लिहिता येईल?” साहेब म्हणाले. “रस्ता दुसऱ्या खात्याचा आहे. आपण त्यांच्यावर ठपका ठेवल्यासारखं होतं.”

मी खोडून ‘आकस्मिक’ लिहिलं.

“आकस्मिक एकदा असतं, बाई. नऊ वेळा कसं असेल?” मग चष्मा काढून ते सौम्यपणे म्हणाले, “हे बाईमाणसाचं काम नाही असं मी म्हणत नाही. बाटल्या म्हणतायत.”

म्हणून फोर्क. पुढचं चाक आपटतं म्हणून बाटल्या फुटतात, तेव्हा फोर्क सुधारायचा, असं आमचं घरात एकमतानं ठरलं. पण आधी मोजमाप हवं, म्हणून दोरा.

तर न हललेल्या गाडीचा दोरा सव्वातीन इंचांवर कसा? दुसऱ्या दिवशी मी खिडकीत उभी राहिले. सकाळी साडेसहाला शेजारच्या मथुराबाई बाहेर आल्या, पुढच्या चाकाला हळदकुंकू लावलं, दोरा दोन बोटांनी हलकेच वर सरकवला आणि हात जोडले.

मी खाली धावले. “मथुराबाई, दोरा का हलवला?”

“खाली घसरला हुता की वो. देवाचा दोरा असा खाली आलेला बरा दिसतो व्हय?”

“तो देवाचा नाही. मापाचा आहे.”

मथुराबाईंनी माझ्याकडे फार समजूतदारपणे पाहिलं. “असू द्या. मी कुनाला सांगत न्हाय. रोज सांच्याला चाकाम्होरं बसून काय पुटपुटता ते आख्खी गल्ली बघती. नवस असतो तो सांगू नये, सांगितला की फळत न्हाय.”

मी इंच आणि अष्टमांश पुटपुटत होते. ते पटवण्याचा प्रयत्न केला, पण तिसऱ्या दिवशी समोरच्या केराबाईंनी एक काळा दोरा बांधला, आणि आठवडाभरात फोर्कच्या दोन्ही नळ्यांवर मिळून सात दोरे झाले. शेवटी मी तह केला. रंगीत आणि काळे दोरे गल्लीचे, पांढरा सरकारी कामाचा, त्याला कोणी हात लावायचा नाही. मथुराबाईंनी तो तह पाळला. फक्त पांढऱ्या दोऱ्यालाही त्या लांबून कुंकवाचं बोट दाखवत.

शुद्ध मापं मिळू लागली तेव्हा ती रोज एकच येऊ लागली. साडेतीन. म्हणजे हद्द. मी गाडी घेऊन अक्कलकोट रोडवरच्या चन्नवीर मिस्त्रीकडे गेले. म्हणजे जालिंदरनी चालवत नेली आणि ते समोर चहाला गेले. चन्नवीर बोलायला कमी आणि ऐकायला चांगला. हातानं काम करणाऱ्या माणसाला दोऱ्याची कल्पना एका वाक्यात कळली.

“नोड्री, बघा बाई, मी एक चक्कर मारतो,” तो म्हणाला. माझ्याऐवजी त्यानं मागे वाळूचं पोतं बांधलं, पेटी पोत्यावर बांधली, आणि शेडमागच्या उखडलेल्या वाटेनं, आमच्या नेहमीच्या रस्त्याहून वाईट वाटेनं, दोन मैल जाऊन आला.

आम्ही दोघंही उकिडवे बसलो. दोरा दोन इंचांवर होता. एकही बाटली फुटली नव्हती.

चन्नवीरनं दोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग समोरच्या हॉटेलात बशीतून चहा पिणाऱ्या जालिंदरांकडे. “बाई,” तो हळू आवाजात म्हणाला, “फोर्क चांगला हाय.”

मला ते त्याआधीच कळलं होतं. मागे बसून तीनशे मैल झाल्यावर कोणालाही कळेल. खड्डा दिसला की जालिंदर “अरेरे!” म्हणतात आणि अगदी खड्ड्याच्या काठावर पुढचा ब्रेक आवळतात. ब्रेकनंच फोर्क तळाला जातो, आणि मग प्रत्यक्ष खड्ड्यासाठी त्याच्याकडे काही उरत नाही. फोर्कमध्ये दोष नव्हता. दोष “अरेरे”मध्ये होता.

“काय निघालं?” जालिंदर येऊन विचारते झाले. गॉगल कपाळावर होता आणि चेहऱ्यावर सुटीतलं ऊन. मला ती ओसरी आठवली, ते जत्रेचं वाक्य आठवलं.

“स्प्रिंग मऊ आहे,” मी म्हणाले.

एवढं स्पष्ट निरीक्षण मी क्वचितच घेतलं असेल, आणि त्यावर एवढं स्पष्ट खोटं तर कधीच बोलले नव्हते. चन्नवीरनं क्षणभर छताकडे पाहिलं. “व्हय,” तो म्हणाला. “मऊ हाय. लई मऊ.”

पुढचं सगळं माझ्या त्या तीन शब्दांवर उभं राहिलं.

मऊ स्प्रिंग म्हटल्यावर कडक स्प्रिंग आली. चन्नवीरनं कुठल्याशा मोठ्या गाडीची तोडून बसवली. आता फोर्क दबेना. उलट प्रत्येक दगडावर पुढचं चाक बोकडासारखं उडी घेऊ लागलं. दोरा दीड इंचावर, आणि पेटीत तीन बाटल्या फुटलेल्या. वहीत तो आकडा फार सुंदर दिसत होता.

“उसळी दाबायला दाट तेल पायजे,” चन्नवीर म्हणाला. त्या बिचाऱ्याला आता खोटं निभावून न्यायचं होतं, आणि तो ते माझ्यापेक्षा मन लावून करत होता. तेल पुण्याहून यायचं होतं. पुण्याहून ते निघालं, आणि रेल्वेच्या संपात अडकलं. आमचा डबा कुठल्या स्टेशनवर बसून आहे हे सांगायला स्टेशनवर माणूसच नव्हता.

तेव्हा अंबय्या खालून वर आले. तेलुगू घरातलं सोलापुरी मराठी ते फार ऐटीत बोलत. “मॅडम, काय एवढं टेन्शन करलालाव? माझ्या मागाचं तेल घ्या की ओ. डबाभर हाय.”

मी त्यांच्या हातातल्या वाटीकडे पाहिलं आणि म्हणाले, “पातळ आहे.” मी ते मोजलं नव्हतं. नुसतं पाहिलं आणि सांगितलं. मोजण्याचा आग्रह धरणाऱ्या बाईनं न मोजता दिलेला तो एकमेव निकाल, आणि तोही माझ्या खोलीखाली चार माग चालवणाऱ्या माणसाला तेलाबद्दल.

मी मोजलं ते करडईचं. सासूबाईंनी मंद्रूपहून घाण्याचा डबा पाठवला होता. प्रयोगशाळेत दुपारच्या सुटीत मी ते काचेच्या बारीक नळीतून सोडलं, घड्याळ लावलं. मग फोर्कमधलं जुनं तेल गाळून तेही सोडलं. करडईला जवळजवळ दीडपट वेळ लागला, म्हणजे हवं तेवढं दाट. मी तीन वेळा करून पाहिलं. माझी मान, कोणी बघत नसताना, थोडी ताठ झाली. विमानाचं तेल एका देशात बनतं, जहाजाचं दुसऱ्या. मोटारसायकलच्या फोर्कचं मंद्रूपच्या घाण्यावर बनतं हा शोध माझ्या नावावर लागणार होता.

मथुराबाईंना तो आवडला नाही. “रेशनला तेलासाटी रांगा लागल्यात, अन् तुमी गाडीच्या पायाला तेल पाजता? लेकराबाळांच्या तोंडचं?” मग जरा विचार करून, “नवसात तसं सांगितलं असंल तर गोष्ट येगळी.”

मी मान डोलावली. खोट्याची सवय लागत चालली होती.

पहिला आठवडा करडईनं मला खोटं पाडलं नाही. उसळी गेली. नळीच्या तोंडातून थोडं तेल झिरपून तापलेल्या इंजिनावर पडे, आणि आम्ही ज्या गावात शिरू तिथे लोक नाक वर करून विचारत, “कुणाकडं तळण हाय?” दोन गावांतली कुत्री शिवेपर्यंत सोडायला आली. पण बाटल्या दिवसाला एखादीच फुटत होती, आणि जालिंदर खुशीत म्हणत, “बघितलंस? फोर्कच होता.”

त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली, ती मी वहीत अर्धीच लिहिली आहे.

मंद्रूपच्या अलीकडे एक कोरडा ओढा आहे. त्यापलीकडे विहीर. ओढ्याशी आलो तेव्हा जालिंदर म्हणाले, “मी दोर घेऊन पुढे होतो, पाणी काढून ठेवतो, तू गाडीपाशी थांब.” गाडी भर उन्हात होती, पेटीत सकाळपासून भरलेल्या सात बाटल्या होत्या, आणि नमुने तापू द्यायचे नसतात. सावली होती ओढ्यापलीकडच्या लिंबाखाली.

इथे एक खुलासा करायला हवा. माझे वडील माळशिरस तालुक्यात पाटबंधाऱ्याच्या कामावर होते. त्यांच्याकडे खात्याची मोटारसायकल होती, मुलगा नव्हता, आणि त्यांना पित्ताचा त्रास होता. कॉलेजच्या प्रत्येक सुटीत उसाच्या पाटांवरून त्यांना मागे बसवून मी फिरवलं आहे, त्यांचीच खाकी विजार घालून. लग्न ठरताना मला स्वयंपाक, शिवण, गाणं आणि बी.एस्सी.चे गुण विचारले गेले. मोटारसायकलचं कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही; आणि पहिल्या वर्षी न सांगितलेली गोष्ट सातव्या वर्षी सांगणं फार अवघड होतं.

पाचवारी साडीचा काष्टा होत नाही असं म्हणतात. होतो. फक्त तो बराच वर येतो. मी पेटी मागे बांधली, गाडी सुरू केली आणि ओढ्यात उतरले. गोटे, वाळू, पलीकडचा चढ. ब्रेकला हात लावला नाही. लिंबाखाली थांबून काष्टा सोडला, आणि आधी दोरा मोजला. पावणेदोन इंच. वहीत आकडा लिहिला आणि ‘चालक’ या रकान्यात एक आडवी रेघ ओढली.

साक्षीला अकरा शेळ्या होत्या आणि त्यांची मालकीण मायाक्का. तिनं मला पाहिलं, मी तिला पाहिलं. मग तिनं शेळ्या पुढे हाकल्या. गाडी सावलीत कशी आली असं जालिंदरनी विचारलं, तेव्हा मी ‘ढकलत आणली’ असं सांगितलं.

त्या संध्याकाळी घरी सांगायचं ठरवलं होतं. पण जेवताना जालिंदर म्हणाले, “माला, खरं सांगू? सात वर्षांत तुझ्या उपयोगी पडावं असं माझ्याकडे पहिल्यांदाच काहीतरी आलंय.” मी त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी गाडी वाकलेली दिसली. फोर्क दबून खाली बसला होता तो वर यायलाच तयार नव्हता.

“देव पावला!” मथुराबाई ओरडल्या. “बघा, नमस्कार करतीया!”

चन्नवीरनं नळी उघडली. आत पिवळा चिकट गोंद होता. मी बोट लावून पाहिलं आणि मला सगळं एकदम आठवलं. करडईचं तेल हवा लागली की सुकतं, रोगणासारखं घट्ट होतं. हे मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, आणि दहापैकी आठ गुण मिळवले होते. सासूबाईंनी तेल टिकावं म्हणून कढवून पाठवलं होतं, आणि कढवलं की ते आणखी लवकर सुकतं. राहिलेले दोन गुण बहुधा याचेच असावेत.

जुन्या नळ्या त्या गोंदासकट बाद झाल्या. चन्नवीरनं एका नव्या गाडीच्या भंगारातला अख्खा फोर्क आणला. उत्तम फोर्क, फक्त दोन इंच जास्त लांब. गाडीचं तोंड वर झालं. दिवा लावला तर अंबय्यांच्या गच्चीवरचं वाळवण उजळून निघे. जालिंदरांचे पाय जमिनीला पुरेनात, म्हणून ते चढायला ओटा शोधत आणि उतरायला कठडा. घोडदळाच्या माणसाला ओटा लागतोच, असं त्यांनी मला पुराव्यानिशी सांगितलं.

एवढा मोठा भाग बदलला तर गाडीच्या पुस्तकात नोंद करावी लागते, असं गल्लीत कोणीतरी म्हणालं. जालिंदर नियमानं चालणारे. नोंदणीच्या खिडकीवरच्या गृहस्थांनी सगळे कागद शांतपणे वाचले.

“सुधारणेची नोंद पाहिजे?”

“हो.”

“इथं लिहिलंय, एक नग, निरुपयोगी. निरुपयोगी वस्तूची सुधारणा कशी करणार? आधी ती उपयोगी असल्याचा दाखला आणा.”

“पण मी तिच्यावरूनच आलोय!”

“ते तुमचं झालं,” गृहस्थ म्हणाले. “कागद तसं म्हणत नाही.”

जालिंदर परत आले ते गाडी ढकलत. निरुपयोगी नगावर बसून घरी येणं त्यांना अपमानाचं वाटलं. त्या दिवशी त्यांनी गॉगल घातला नव्हता. मला वाटलं, आता बोलावं. पण अशा दिवशी? उद्या बोलू, असं मी ठरवलं. असे उद्या माझ्याकडे तोवर सतरा जमले होते.

नव्या फोर्कला तेल हवं होतं. मी वाटी घेऊन खाली गेले. अंबय्या मागाशी उभे होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी डबा पुढे केला. “मोजून बघा मॅडम.”

“नको,” मी म्हणाले.

“बघा की ओ. मला बी कळू द्या.”

मी मोजलं. त्यांचं तेल पातळ होतं, पण त्यात चौथा हिस्सा इंजिनाचं जाड तेल मिसळलं की ते हवं तसं होत होतं. अंबय्या ते वीस वर्षांपासून असंच मिसळत होते. आता आमच्याकडे सोलापुरातला सर्वांत चांगला फोर्क होता, हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहिते.

मे संपायला दोन दिवस होते. पाच विहिरी राहिल्या होत्या आणि सहा बाटल्या. साहेबांनी माझ्या टेबलावर टपालाचा गठ्ठा आधीच आणून ठेवला होता, वर एक पेपरवेट ठेवून, म्हणजे तो उडून जाऊ नये. निघताना गल्ली जमली. मथुराबाईंनी नव्या फोर्कवर सातही दोरे पुन्हा बांधले, लिंबू चाकाखाली ठेवलं. चन्नवीर मुद्दाम आला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं.

बारा मैल बरे गेले. ओढा जवळ आला. ओढ्याच्या काठाला पावसानं खाल्लेला एक खड्डा आहे, फार तर वीतभर. “अरेरे!” जालिंदर म्हणाले.

पेटीतून काच फुटल्याचा आवाज आला. एकच. पाच विहिरी, पाच बाटल्या.

जालिंदर बांधाला गाडी टेकवून खाली उतरले. पुढे जाऊन ते वाकले, आणि पांढरा दोरा पाहिला. तो पार वर जाऊन थडकला होता. 

“माला, मला वाटतं स्प्रिंग अजून थोडी कडक हवी,” ते म्हणाले. “चन्नवीरला सांगून...” त्यांचा आवाज अर्ध्यातच राहिला. त्यांना वाटत नव्हतं, हे मला दिसलं. कदाचित खूप दिवसांपासून वाटत नव्हतं.

काठावर शेळ्या होत्या. मायाक्का काठीला टेकून उभी होती.

“मास्तर,” ती म्हणाली, “एवडं कशाला वाकून बघता? बाईस्नी द्या की गाडी. त्या दिशी त्यांनीच नेली न्हव्हं का वड्यातनं. पान्याचा थेंब सांडला न्हाय.”

 जालिंदर सरळ उभे राहिले.

“तुला येते?”

“येते.”

“केव्हापासून?”

“कॉलेजपासून. वडिलांच्या गाडीवर.”

“आणि हा फोर्क, हे तेल, ती स्प्रिंग...”

“पहिला फोर्क चांगला होता,” मी म्हणाले. “चन्नवीरलाही माहीत आहे.”

त्यांनी ओढ्याकडे पाहिलं, मग पेटीकडे. पेटी त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली, हळूच, दोन्ही हातांनी, आणि झाकण उघडून पाच बाटल्या मोजल्या. तेवढं झाल्यावर ते म्हणाले, “मला खड्ड्याची भीती वाटते, माला. पहिल्या दिवसापासून. म्हटलं, फोर्क सुधारला की जाईल.”

मी साडीचा काष्टा मारला. मायाक्कानं मान वळवली नाही. तिला तो आधीच माहीत होता. जालिंदर पेटी छातीशी धरून उभे होते आणि गॉगल अजून त्यांच्या डोळ्यांवर होता.

“तो गॉगल द्या,” मी म्हणाले. “आजपासून गाडी मी चालवणार.”